कै. सारजाबाईंचा पृथ्वीगोल

पृथ्वीगोलावर देणगीदाराचं नाव कुठं टाकायचं, यावरून चिंचटेकच्या शाळेत पहिला वाद झाला. नाव टाकायचं की नाही, यावर वाद नव्हताच. कोळवण खोऱ्यातल्या या गावात देवळाच्या घंटेवर नाव होतं, घंटेखालच्या पायरीवर होतं, पंगतीच्या पातेल्यांवर होतं आणि पातेल्यांच्या झाकणांवर वेगळ्याच माणसांची नावं होती. बिननावाची वस्तू दिसली की लोक ती चोरीची समजत.

पृथ्वीगोल आला तो चिखलामुळं. आषाढात हैबतराव नावाच्या गृहस्थांचा मालट्रक गावाबाहेरच्या ओढ्यात आसापर्यंत रुतला. हैबतराव मूळचे कासारसाईकडचे, आता पुण्यात त्यांचे चार ट्रक चालत होते. त्यातला हा सगळ्यात जुना होता. शाळेच्या मुलांनी तो ढकलून बाहेर काढला. मुलांनी एकदम जोर लावावा म्हणून पुढं उभं राहून ओरडायचं काम सातवीतल्या साळूनं केलं. साळूचा आवाज मोठा होता. सहावीपर्यंत ती तो लपवत असे. सातवीत आल्यापासून तिनं लपवायचं सोडून दिलं होतं.

ट्रक निघाला. गुडघ्यापर्यंत चिखलात उभे राहून हैबतराव म्हणाले, "गुरुजी, पोरांनी लई मोठं काम क्येलं. बोला, शाळंला काय पायजे?"

वाल्मीक गुरुजी शाळेचे हेडमास्तर होते आणि पाचवी, सहावी, सातवी एकाच खोलीत एकदम शिकवत. हा प्रश्न त्यांना पंधरा वर्षांत कोणी विचारला नव्हता. ते गोंधळले.

"पृथ्वी," ते म्हणाले.

श्रावणात तोच ट्रक दोन लाकडी पेट्या उतरवून गेला. आत एक पृथ्वीगोल होता, भिंतीवरचं घड्याळ होतं, तीस पुस्तकं होती आणि एक जाडजूड नकाशासंग्रह होता. सोबत चिठ्ठी होती: 'माझी आई सारजाबाई हिच्या नावाने ही भेट स्वीकारावी. नाव ठळक घालावे.'

गुरुजींनी लगेच कागदावर मजकूर तयार केला: 'कै. सारजाबाई यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट.'

साळूनं चिठ्ठी पुन्हा वाचली. "गुरुजी, यात कै. नाहीये."

"दुःखात माणसाकडून राहून जातं," गुरुजी म्हणाले. "अगं, आई हयात असताना तिच्या नावानं पृथ्वी कोण देईल? हयात आईला लुगडं देतात."

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

नाव घालायला कमरुद्दीन पेंटर आला. बैलगाड्यांवरचे मोर, पोळ्याची शिंगं आणि पौडच्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्या हे त्याचं काम. त्याची मुलगी नूरजहाँ सातवीतच होती. सातवीत मुली दोनच, साळू आणि ती. कमरुद्दीननं पृथ्वी दोनदा फिरवून पाहिली.

"गुरुजी, गोल वस्तूवर नाव म्हंजी तांब्यावर घालत्यात तसं घालाय लागंल. गळ्याभवती."

"हिला गळा नाही, कमरुद्दीन. हिला विषुववृत्त आहे."

"मग त्येच्याभवती."

"पण भारतावर काही येता कामा नये."

"न्हाई येत. दुसऱ्यांच्या देशांचं काय म्हननं हाय?"

गुरुजींनी थोडा विचार केला. "दुसऱ्यांचं काही म्हणणं नाही."

त्याप्रमाणे 'कै.' ब्राझीलवर बसलं. 'सारजाबाई' अटलांटिक समुद्रात सुरू होऊन आफ्रिकेच्या पलीकडच्या किनाऱ्याला संपल्या. 'यांच्या' भारताखालच्या समुद्रात नीट मावलं. 'स्मरणार्थ'नं सुमात्रा आणि बोर्निओ झाकले, आणि 'सप्रेम भेट'ला सबंध पॅसिफिक मोकळा मिळाला. मजकूर वाचायला पृथ्वी एकदा पूर्ण फिरवावी लागे, त्यामुळं दिवस आणि रात्र कशी होते तेही मुलांना आपोआप समजलं. पुस्तकांच्या पहिल्या पानांवर आणि ती ठेवलेल्या कपाटावरही नाव आलं. घड्याळाच्या काचेवर ते कमानीसारखं आलं आणि दहा ते दोन हे आकडे त्याखाली गेले. म्हणजे शाळा भरल्यापासून मधली सुट्टी संपेपर्यंत किती वाजले ते कळत नसे. सुट्टी गुरुजींना भूक लागली की होई. पूर्वीही तशीच होत होती.

शिवाय दर गुरुवारी प्रार्थनेनंतर गुरुजी हात जोडून, डोळे मिटून, मान खाली घालत. ती खूण झाली की सगळी शाळा उठून दोन मिनिटं शांत उभी राही आणि मग एका सुरात म्हणे, "कैलासवासी सारजाबाई मायाळू होत्या. कैलासवासी सारजाबाई दानशूर होत्या. कैलासवासी सारजाबाईंनी कधी कोणाला दुखावलं नाही." हे गुरुजींनी स्वतः रचलं होतं. बाईंना त्यांनी पाहिलं नव्हतं, त्यामुळं रचायला अडचण आली नाही.

आता खरी गोष्ट अशी की त्या वर्षी चिंचटेकची सातवी फार शिकली. सुरुवात साळूनं केली. एके दिवशी तिनं विचारलं, "गुरुजी, 'बाई'च्या खाली काय आहे?"

गुरुजींना आठवेना. नकाशासंग्रह उघडावा लागला. 'बाई'च्या खाली काँगो निघाला. मग 'र'च्या खाली काय, 'जा'च्या खाली काय, 'स्म'च्या खाली काय, असं रोज सुरू झालं. मधल्या सुट्टीत मुलं विटीदांडू सोडून नकाशासंग्रहाला चिकटू लागली. दिवाळीपर्यंत साळू आणि नूरजहाँ डोळे मिटून बोर्निओ काढत. ॲमेझॉन नदी समुद्राला कुठं मिळते, ते पाटीवर बोट ठेवून दाखवत. इंग्लंड कुठं आहे हे मात्र वर्गात कोणाला सांगता येत नसे. ते झाकलेलं नव्हतं.

हे सगळं चाललं होतं तोवर साळूच्या घरी दुसरंच चाललं होतं. तिचे वडील भिवाजी म्हणत, "सातवी झाली की बास. पौडच्या हायस्कुलात सा मैल पोरगी धाडायची न्हाई. हितं आठवी निघाली तर बघू."

"हितं कशी निघंल?" आई म्हणे. "उरवड्याच्या पाव्हन्यांना चैतात बलवा. पोरगा बैल चांगला हाकतोय."

आठवी निघायला फक्त एक खोली हवी होती. पुण्याची एक शिक्षणसंस्था मास्तर द्यायला तयार होती, पण त्या मास्तराला उभं कुठं करायचं, हा प्रश्न होता. साळूला तो मुलगा बैल कसे हाकतो हे पाहायचं नव्हतं. तिला आठवी पाहायची होती.

आणि माघातल्या एका सोमवारी हैबतरावांचं कार्ड आलं. गुरुजींनी ते वर्गापुढं मोठ्यानं वाचायला घेतलं.

"'शाळेला आठवीसाठी एक खोली बांधून द्यावी असा विचार आहे.'" वर्गात टाळ्या. "'तरी दिलेल्या वस्तूंचा मुलांना काय उपयोग झाला ते समक्ष पाहून ठरवू.'" टाळ्या. "'येत्या गुरुवारी मातोश्रींना घेऊन येत आहे.'"

इथं गुरुजी थांबले.

"फोटो आणत असतील," ते म्हणाले.

"पुढं वाचा, गुरुजी," साळू म्हणाली.

"'मातोश्रींना... ट्रकमध्ये... कंबर धरते. तरी बसायला जाड घोंगडी टाकून ठेवावी.'"

"फोटोची कंबर धरत नाही," नूरजहाँ म्हणाली.

गुरुजी शाळेत नेहमी शुद्ध बोलत. त्यांनी कार्ड उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "आयला, जित्ती हाय की म्हातारी!"

मंगळवारी दुपारी पृथ्वीगोल पडवीत आणून कमरुद्दीनपुढं ठेवला. 'कै.' तेवढं काढायचं, असं ठरलं.

"लई पक्का रंग हाय, गुरुजी," कमरुद्दीन म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख नव्हतं. "माझा गाडीवरचा मोर धा पावसाळं खाऊन बसलाय. ह्यो घासल्याबिगर न्हाई जायचा."

"मग घास. पण हलक्या हातानं."

कमरुद्दीननं काथ्या रॉकेलात बुडवला आणि हलक्या हातानं घासलं. 'कै.' गेलं. त्याच्याखालचा कागदही गेला.

"अब्बा, ब्राझील गेला," नूरजहाँ म्हणाली.

सगळ्यांनी वाकून पाहिलं. दक्षिण अमेरिकेत पांढरं भोक पडलं होतं.

"एवढा मोठा देश!" गुरुजी म्हणाले. "पाव मिनिटात."

"आता 'स्मरणार्थ' बी काढाय लागंल," कमरुद्दीन म्हणाला. "'कै.' न्हाई आन 'स्मरणार्थ' हाय, म्हंजी आणखीच वाईट दिसंल."

हे खरं होतं. 'स्मरणार्थ' गेलं आणि त्याबरोबर सुमात्रा आणि बोर्निओ गेले. आता मजकूर उरला, 'सारजाबाई यांच्या' आणि बऱ्याच मोकळ्या जागेनंतर 'सप्रेम भेट'.

"'यांच्या' काय?" गुरुजी कपाळाला हात लावून म्हणाले. "वाचणारा विचारेल ना, यांच्या काय?"

"'नावे' लिहा," साळू म्हणाली. "'सारजाबाई यांच्या नावे सप्रेम भेट.' दोनच अक्षरं आहेत, समुद्रात मावतील. आणि देश आम्ही काढतो."

"तुम्ही?"

"नकाशासंग्रह मिटूनच ठेवा, गुरुजी," नूरजहाँ म्हणाली.

कमरुद्दीनकडं दोनच डबे शिल्लक होते, पिराच्या झेंड्याचा हिरवा आणि बैलांच्या शिंगांचा लाल. साळूनं हिरवा ब्राझील काढला, नूरजहाँनं लाल सुमात्रा आणि लाल बोर्निओ. गुरुजी नकाशासंग्रह उघडून शेजारी उभे राहिले, चूक निघाली की सांगायला. बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी तो हळूच मिटला.

"हे तुम्हाला इतकं पाठ कसं?"

"नावाखाली होतं ना," साळू म्हणाली.

"वाळाय चार दिस लागत्याल," कमरुद्दीन ब्रश पुसत म्हणाला.

"गुरुवार परवा आहे!"

"मग कुनी हात लावू नका."

बुधवारचा दिवस बाकीचं निस्तरण्यात गेला. घड्याळाची काच काढून टाकली. आत दहा ते दोन हे आकडे तसेच होते, हे पाहून पहिलीच्या मुलांना आश्चर्य वाटलं. तीस पुस्तकांच्या पहिल्या पानांवर खळ लावून कोरे कागद चिकटवले. कपाटावरचं 'कै.' आणि 'स्मरणार्थ' चाकूनं खरवडलं. संध्याकाळी गुरुजी स्वतः सगळी शाळा फिरले. कुठंही 'कै.' राहिलं नव्हतं.

गुरुवारी ट्रक आला. ड्रायव्हरशेजारून हैबतराव उतरले आणि मग बाक लावून त्यांच्या मातोश्रींना उतरवण्यात आलं. सारजाबाई सत्तरीच्या, बारीक, ताठ आणि कोणावरही विश्वास नसल्यासारख्या पाहणाऱ्या होत्या. गुरुजींनी त्यांना इतक्या आदरानं नमस्कार केला की जणू त्या फारच लांबून आल्या होत्या.

"प्रवास कसा झाला, आजी?"

"मरायची येळ आली हुती," सारजाबाई म्हणाल्या.

गुरुजी घाईनं त्यांना आत घेऊन गेले.

सगळी शाळा एका खोलीत बसवली होती. पहिलीची मुलं पुढं, सातवी मागं. टेबलावर झेंडूचा हार घातलेला पृथ्वीगोल होता. साळू त्याच्याशेजारी उभी होती; तिच्याकडं एकच काम होतं, ब्राझील भिंतीकडं ठेवायचा. भिवाजी दारात येऊन उभे राहिले होते. कमरुद्दीनही आला होता.

हैबतराव हारातून डोकावून मजकूर वाचत म्हणाले, "हे बघ आई, तुझं नाव."

"कुटं सुरू हुतंय?"

"मागनं सुरू होतंय वाटतं. फिरव गं पोरी."

"इथूनच वाचलं तर बरं दिसतं," साळू म्हणाली.

"अगं, फिरव की!" असं म्हणून सारजाबाईंनी स्वतःच पृथ्वी फिरवली. त्यांना वाचता येत नव्हतं. पण आपलं नाव जिथं आहे ती वस्तू देवाच्या ठिकाणी, एवढं त्यांना माहीत होतं. साळू "आजी, नका" म्हणेपर्यंत त्यांनी वाकून पृथ्वीला डोकं टेकवलं.

डोकं वर आलं तेव्हा कपाळावर ब्राझील होता. हिरवागार, उलटा, पण ओळखू येण्यासारखा.

तो पाहून गुरुजींचे हात आपोआप जोडले गेले. त्यांनी डोळे मिटले आणि मान खाली घातली.

खूण झाली. गुरुवार होताच. सगळी शाळा ताडकन उठून उभी राहिली.

"वा!" हैबतराव म्हणाले. "काय शिस्त हाय!"

साळू पहिलीच्या पोरांना हातांनी खुणा करत होती, पण त्यांचे डोळे मिटलेले होते. गुरुजींना डोळे उघडायचा धीर नव्हता. दोन मिनिटं झाली, आणि चाळीस मुलं एका सुरात म्हणाली:

"कैलासवासी सारजाबाई मायाळू होत्या! कैलासवासी सारजाबाई दानशूर होत्या! कैलासवासी सारजाबाईंनी कधी कोणाला दुखावलं नाही!"

घड्याळावरचं पुसलं होतं, पुस्तकांवरचं झाकलं होतं, कपाटावरचं खरवडलं होतं. पोरांवरचं राहून गेलं होतं.

"कोन मेलं?" सारजाबाईंनी विचारलं.

मग त्या साळूकडं वळल्या.

"ए पोरी, तू सांग. तोंडावरनं तरी तुला आवाज हाय आसं दिसतंय."

"तुमी, आजी," साळू म्हणाली.

"मी?"

"व्हय."

"कवा?"

"श्रावनात. चिठीत तसं लिवलं नव्हतं, पर गुरुजींनी वळखलं."

हैबतरावांचा चेहरा शिंगांच्या रंगाचा झाला. "मास्तर! जितीजागती आई माझी, आन तुमी तिला कैलासात धाडली? चल आई, बस गाडीत. आठवी न्हाई आन फाटवी न्हाई!"

दारातून भिवाजींनी साळूकडं पाहिलं आणि खांदे उडवले. त्या खांद्यांमागं साळूला उरवड्याचे पाहुणे स्पष्ट दिसले.

"थांब रं हैबत," सारजाबाई म्हणाल्या. "आदी मला नीट ऐकू दी. पोरांनो, पुन्यांदा म्हना."

पुन्हा म्हणा, असं आजवर त्या पोरांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी छपराचं आढं हलेल इतक्या जोरात म्हटलं. सारजाबाई घोंगडीवर टेकून मान डोलवत ऐकत होत्या. 'कधी कोणाला दुखावलं नाही'ला हैबतरावांना खोकला आला.

"खोकू नगंस," त्या म्हणाल्या. "तुझी बायको ह्यातलं एक अक्षार तरी बोलती का? मी मेल्यावर बोलंल, शेजारनींपुढं पदर लावून बोलंल. पर तवा ऐकाय मी कुटं आसनार हाय? हितं ही परकी ल्येकरं आठवड्याला म्हनत्यात." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि हाताकडं पाहिलं. "ह्ये काय?"

"ब्राझील," साळू म्हणाली.

"कोन?"

"देश हाय, आजी. लई मोठा. जगातली सगळ्यात जादा पान्याची नदी तितं हाय. रबर निगतं तितं, आपल्या ट्रकाच्या चाकाचं असतं त्ये. परवा पुसला गेला म्हनून आमी पुन्हा रंगवला, पर वाळला न्हाई. नूरजहाँनं सुमात्रा क्येलाय. तो बी ओला हाय. तितं डोकं नका टेकू."

हैबतरावांनी आईचं कपाळ पाहिलं, पृथ्वी पाहिली. मग ते जरा खवचटपणे म्हणाले, "एवडी शानी हायेस तर सांग, इंग्लंड कुटंय?"

साळू पृथ्वीवर शोधू लागली.

"बघा! इंग्लंड म्हाईत न्हाई!"

"त्ये झाकलेलं नव्हतं ना," साळू म्हणाली. आता काहीच राखण्यासारखं उरलं नव्हतं, त्यामुळं तिचा आवाज मोकळा सुटला. "तुमच्या आईच्या नावाखाली जेवडं हुतं तेवडं आमी सगळं हुडकलं. काँगो इचारा. बोर्निओ इचारा. उघडं हुतं त्ये कुनी बघितलंच न्हाई."

हैबतरावांनी बोर्निओ विचारला. काँगो विचारला. मग नूरजहाँला पॅसिफिकमधली बेटं विचारली आणि ती थांबेना म्हणून त्यांनाच तिला 'थांब' म्हणावं लागलं.

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "आईचं नाव वर हुतं म्हनून पोरी शिकल्या?"

"व्हय. तुमचं बी नाव घातलं असतं तर सगळी दुनिया झाली असती."

गुरुजींनी आता एक डोळा उघडला होता.

सारजाबाई इतका वेळ पृथ्वीकडं पाहत होत्या. "पोरी," त्या म्हणाल्या, "माझं म्हायार दाव. जांभळटेप. मुळशीच्या धरनात ग्येलं, म्या पोर हुते तवा."

साळूनं पृथ्वी फिरवली. भारतावर करंगळीचं टोक ठेवलं, तर त्याखाली सबंध पुणे जिल्हा गेला आणि आणखी दोन जिल्हे गेले. "हितं, आजी. पर गाव न्हाई दिसत. धरनाचं पानी बी न्हाई दिसत."

"पान्याखाली काय हाय त्ये बी न्हाई?"

"त्ये हुडकाय लागंल. त्याला मोठा नकाशा लागतो," साळू म्हणाली. "तो आठवीत असतो."

आठवीत तसा नकाशा असतो की नाही, हे साळूला अजिबात माहीत नव्हतं. पण ती इतक्या खात्रीनं म्हणाली की गुरुजींनीही मान हलवली.

सारजाबाईंनी करंगळीखालच्या त्या जागेवर आपलंही बोट ठेवलं आणि क्षणभर ठेवूनच राहिल्या. त्या बोटाला ब्राझीलचा हिरवा रंग होता. मुळशीवर एक ठिपका उमटला.

"हैबत," त्या म्हणाल्या, "खोली बांध."

"बांधतो," हैबतराव म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. मग त्यांना पुन्हा आठवलं आणि ते गुरुजींकडं वळले. "पर मास्तर, ह्या येळंला पाटीवर त्ये 'कै.' दिसलं तर—"

"घाला," सारजाबाई म्हणाल्या.

"आई!"

"आज ना उद्या लागनारच हाय. मागनं पुन्हा ह्या पेंटरला बलवा, भित घासा, आनि देश पुसा... कशाला? आत्ताच घालून मोकळं व्हा. आनि गुरवारचं बंद करू नगा."

सगळ्यांनी कमरुद्दीनकडं पाहिलं. त्यानं धंद्याच्या दृष्टीनं विचार केला.

"आजींचं बराबर हाय," तो म्हणाला. "मागनं घातलेलं 'कै.' एका रंगात बसत न्हाई."

चैत्रात उरवड्याचे पाहुणे आले. भिवाजींनी त्यांना चहा पाजला, शाळेकडं नेऊन अर्धी उठलेली भिंत दाखवली आणि "पोरगी आठवीला हाय" असं सांगून वाटेला लावलं. साळू तेव्हा अजून सातवीतच होती, पण भिंत आठवीची होती.

जूनमध्ये वर्ग उघडला. अकरा मुलं होती, त्यात दोन मुली. दारावर कमरुद्दीनच्या हातची पाटी होती, 'कै. सारजाबाई यांच्या स्मरणार्थ'. शेजारी त्यानं आपखुशीनं एक मोर काढला होता. नारळ फोडायला कै. सारजाबाई ट्रकनं आल्या. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं आणि गुरुजींनी सवयीनं हात जोडून मान खाली घातली. सगळा गाव दोन मिनिटं शांत उभा राहिला.

त्या दोन मिनिटांत कैलासवासी सारजाबाई तेवढ्या एकट्याच बोलत होत्या. त्या कोपऱ्यात चुना नीट लागला नव्हता, खिडकी जरा वर बसवायला पाहिजे होती, आणि मोठा नकाशा अजून कुठं दिसत नव्हता.